डॉ. वसंत खानोलकर : आधी पेशी पाहा, मग आजाराला नाव द्या

तळोजाला लागून असलेल्या खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथल्या प्रयोगशाळांच्या एका इमारतीचे नाव ‘खानोलकर शोधिका’. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे हे स्मरण.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवली. मुंबईत परतल्यावर ग्रँट आणि सेठ जी. एस. या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्या काळी कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार, अशी समजूत होती. खानोलकरांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि रुग्णाच्या सवयी विचारल्या. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी चालीरीतींशी जोडलेले तीन कर्करोग त्यांनी मांडले. तंबाखू-चुन्याची गोळी ओठाआड धरणाऱ्यांना तिथेच होणारा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना टाळूला होणारा आणि धोतराच्या सततच्या काचाने कमरेला होणारा. कारण सवयीत असेल, तर आजार टाळताही येतो, हा त्यातला मोठा धडा होता.

१९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्याचे संस्थापक संचालक खानोलकरच. कर्करोगाच्या या संस्थेत त्यांनी कुष्ठरोगालाही जागा दिली. कुष्ठरोगाचा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. तो मज्जातंतूंत कसा शिरतो, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९५८ मध्ये डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. बापट या सहकाऱ्यांसह त्यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून याच कुळातला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली.

पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद असे मान त्यांना मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था २००२ मध्ये खारघरला आली.

जंतू आणि कर्करोग यांचा एकत्र विचार आज नव्या वाटेने होतो आहे. आपल्या पांढऱ्या पेशी आणि श्वसनमार्गाचे अस्तर अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या बनवतात. हे जंतुरोधक पेप्टाइड. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ते जंतूच्या ऋणभारित आवरणाला चिकटतात आणि त्याला भोके पाडतात. कर्करोगाच्या पेशींचा पृष्ठभागही निरोगी पेशींपेक्षा अधिक ऋणभारित असतो, म्हणून तिथेही त्यांचा उपयोग होईल का, हे तपासले जात आहे. पण गणित सरळ नाही. ‘एलएल-३७’ हे मानवी पेप्टाइड प्रयोगशाळेत क्षयाचे जंतू मारते, तर फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या प्रयोगांत ते गाठीच्या वाढीला हातभार लावताना दिसले आहे. शरीरातल्या अशा पेप्टाइडपासून बनवलेले औषध या दोन्ही आजारांसाठी अजून वापरात आलेले नाही.

तोवर खानोलकरांची शिस्तच कामाची. फुफ्फुसाचा कर्करोग आणि क्षय, दोन्हींत खोकला, रक्त पडणे, वजन घटणे ही लक्षणे दिसतात. एक्स-रेवरचा डागही सारखा वाटू शकतो. आपल्याकडे काही कर्करुग्णांचे मोलाचे महिने क्षयाच्या गोळ्या घेण्यात जातात. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. जंतू सापडला नाही किंवा उपचारांनी उतार पडला नाही, तर सी.टी. स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.