घशात अडकलेल्या २,३७४ वस्तू जपून ठेवणारे डॉक्टर. शेव्हलियर जॅक्सन यांनी पालकांना काय शिकवलं?

वेळा अमावास्येला धाराशिव जिल्ह्यातली गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी फुलतात. भज्जी, आंबील, उंडे आणि सोबतीला हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा. मोठी माणसं कोपीजवळ पंगतीला बसतात. लहान मुलं मात्र तोंडात दाणे घेऊन बांधावरून पळत असतात. पळताना एखाद्याला जोराचा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, कुणीतरी पाठ चोळतं. थोड्या वेळानं ठसका थांबतो आणि सगळे निर्धास्त होतात.

नेमकी हीच निर्धास्ती धोक्याची असते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हे जगाला पटवून देणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणजे अमेरिकेतले डॉ. शेव्हलियर जॅक्सन.

कोण होते जॅक्सन?

४ नोव्हेंबर १८६५ रोजी पिट्सबर्ग इथं त्यांचा जन्म झाला. अंगानं किरकोळ आणि स्वभावानं शांत असल्यानं शाळेत दांडगी मुलं त्यांचा फार छळ करत. घरची परिस्थिती खालावल्यावर काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं रंगवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. चित्रकलेनं सरावलेला हात पुढं शस्त्रक्रियेत उपयोगी पडला. ते दोन्ही हातांनी सारख्याच सफाईनं काम करत.

१८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. त्यानंतर लंडनला जाऊन त्यांनी घशाच्या आजारांचं शिक्षण घेतलं आणि पिट्सबर्गमध्ये दवाखाना सुरू केला. गरिबांच्या वस्तीतले रुग्ण जास्त होते. अनेकांकडून ते पैसे घेत नसत.

दुर्बीण का लागली?

त्या काळी मुलाच्या अन्ननलिकेत नाणं किंवा श्वासनलिकेत बी अडकली, तर डॉक्टरांना आतलं काही दिसत नसे. अंदाजानं चिमटा घालायचा किंवा छाती, मान कापायची, एवढाच मार्ग. त्यात अनेक मुलं दगावत.

१८९० च्या सुमारास जॅक्सन यांनी अन्ननलिकेत डोकावण्यासाठी नळीसारखी दुर्बीण तयार केली. तिच्या मदतीनं एका मुलाच्या अन्ननलिकेतलं नाणं त्यांनी बाहेर काढलं. पण पुरेसा सराव न करता इतर डॉक्टर ती वापरू लागले आणि रुग्णांना इजा होऊ लागली. तेव्हा जॅक्सन यांनी काही काळ या दुर्बिणीचा प्रसारच थांबवला. पुढं जर्मनीत गुस्टाव्ह किलियन यांनी १८९७ मध्ये श्वासनलिकेत दुर्बीण घालून अडकलेली वस्तू काढली. जॅक्सन यांनी नळीच्या टोकाशी छोटा दिवा बसवून हे तंत्र अधिक सुरक्षित केलं. चिमटे आणि इतर हत्यारंही ते स्वतः घडवत.

१९११ मध्ये त्यांना क्षयरोगानं गाठलं. त्यातूनही ते उठले आणि १९१४ मध्ये या तंत्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१६ मध्ये ते फिलाडेल्फियाला प्राध्यापक म्हणून गेले. काढलेली प्रत्येक वस्तू ते नोंद करून जपून ठेवत. टाचण्या, गुंड्या, नाणी, हाडं, बिया अशा २,३७४ वस्तूंचा हा संग्रह आज फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियममध्ये आहे. पुढच्या डॉक्टरांना शिकता यावं, हा त्यामागचा हेतू होता.

कॉस्टिकचा कायदा

जॅक्सन यांच्याकडं येणाऱ्या सर्वांत दुर्दैवी मुलांच्या घशात काहीच अडकलेलं नसे. त्यांनी कॉस्टिक खाल्लेलं असे. घरोघरी साबण आणि सफाईसाठी वापरली जाणारी ही पांढरी पूड मुलांना साखरेसारखी वाटे. तिनं अन्ननलिका भाजून आकसत जाई आणि शेवटी पाण्याचा घोटही उतरत नसे. जॅक्सन ती नलिका हळूहळू, कधी कित्येक महिने, रुंद करत राहत.

पण मुलं येतच राहिली. डब्यावर धोक्याची सूचनाच नसेल तर आईला कळणार कसं, हा प्रश्न घेऊन ते वर्षानुवर्षं कायदेमंडळांचे उंबरठे झिजवत राहिले. अखेर १९२७ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि अशा पदार्थांवर विष असल्याची सूचना आणि तातडीचा उपाय छापणं बंधनकारक झालं.

'शांत काळ' म्हणजे काय?

जॅक्सन यांची पालकांसाठी सर्वांत मोलाची शिकवण हीच. दाणा श्वासनलिकेत गेल्यावर आधी जोराचा खोकला येतो. मग श्वासनलिकेला त्या वस्तूची सवय होते आणि खोकला थांबतो. मूल खेळू लागतं. हा शांत काळ काही तासांचा किंवा काही आठवड्यांचाही असू शकतो. तोवर आत शेंगदाणा ओलाव्यानं फुगतो, त्याच्या तेलानं नलिकेला सूज येते. नंतर ताप, धाप, छातीत घरघर सुरू होते आणि दमा किंवा न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात. प्रत्येक घरघर दम्याची नसते, हे जॅक्सन आपल्या विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवत.

शेंगदाणा किंवा बी साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. त्यामुळं एक्स-रे चांगला आला तरी ठसक्याची घटना डॉक्टरांना आवर्जून सांगावी लागते.

आज काय लक्षात ठेवायचं?

• साधारण पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, हरभरे, फुटाणे देऊ नयेत. शेंगदाण्याचा कूट चालतो. सीताफळाच्या बिया काढून गर द्यावा. चिंचोके खेळायला देऊ नयेत.

• मूल जोरानं खोकत असेल तर खोकू द्यावं. घशात आंधळेपणानं बोट घालू नये. वस्तू आणखी आत जाते.

• आवाज निघत नसेल, श्वास अडला असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावं. मोठ्या मुलाच्या मागं उभं राहून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेनं झटके द्यावेत. त्याच वेळी १०८ ला फोन करावा.

• ठसका थांबला तरी, खाताना गुदमरलेल्या मुलाला तपासून घ्यावं. दुर्बिणीनं दाणा काढण्यासाठी लातूर, सोलापूरसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयात जावं लागू शकतं, म्हणून वेळ दवडू नये.

• रिमोट किंवा खेळण्यातला बटण सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. लगेच रुग्णालय गाठावं. अ‍ॅसिड, कॉस्टिक कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये.

जॅक्सन १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी गेले. त्यांच्या संग्रहातल्या बहुतेक वस्तू कुणाच्याही घरात सापडतील अशाच आहेत. दाढा येईपर्यंत मुलांच्या हाती शेंगदाणे देऊ नका, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. ते पाळायला ना दुर्बीण लागते, ना पैसा.