तुळशीपत्र ठेवलेला खजिना



हजरत दाऊद आणि त्यांचे पुत्र हजरत सुलेमान यांची नावे आपल्या घराघरांत आदराने घेतली जातात. दाऊदांनी सोने, रुपे व भांडी ईश्वराच्या नावे राखून ठेवली होती आणि जेरुसलेमचे प्रार्थनागृह पुरे झाल्यावर सुलेमानांनी ती तेथील भांडारात नेऊन ठेवली, असे बायबल सांगते. आपले धन असे वाहणारी एक राणी आपल्या मराठी मुलखातही होऊन गेली. आपल्या खानदेशातले थाळनेर १८१८ पर्यंत तिच्याच घराण्याकडे होते. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा मागे टाकून नर्मदा गाठली की तिची राजधानी महेश्वर तेथून जवळच आहे. आपण ओळखलेच असेल, या अहिल्याबाई होळकर.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ साली माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाह झाला. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले. सासऱ्यांनी सुनेला सती जाऊ दिले नाही आणि राज्याचा कारभार शिकवला. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेरावही गेला. दौलत आता बाईंच्या हाती आली.

होळकरांच्या घरात पैशाचे दोन कप्पे होते. एक दौलतीचा, म्हणजे राज्याचा व फौजेचा. दुसरा खासगीचा, सासूबाई गौतमाबाईंकडून चालत आलेला. असे सांगतात की, या भरल्या खजिन्यावर राघोबादादांचा डोळा होता. बाईंनी संकल्प सोडून त्यावर तुळशीपत्र ठेवले. दादांनी मागणी करताच त्यांनी कळवले की, धन आता दानाचे आहे. दादा ब्राह्मण आहेत, दान म्हणून हात पुढे करणार असतील तर मंत्र म्हणून पाणी सोडू. पेशव्यांच्या घरातला पुरुष भिक्षा कशी घेणार! रक्कम माल्कम साहेबाच्या मते दोन कोटी, लोकांच्या तोंडी सोळा कोटी. आकड्याचा वाद इतिहासकारांनी घालावा. आपल्याला वक्फ ठाऊक आहे. एकदा अल्लाच्या नावे केलेल्या मालमत्तेवर मूळ मालकाचाही हक्क उरत नाही. तुळशीपत्राचा अर्थ तोच.

ते धन गेले कुठे? काशीचे विश्वनाथ मंदिर १७८० साली उभे राहिले, सोमनाथचे १७८३ साली, गयेचे विष्णुपद मंदिरही त्यांनीच बांधले. ही तिन्ही ठिकाणे होळकरांच्या राज्याबाहेरची, तेथून वसूल एक पैसाही येणार नव्हता. याखेरीज घाट, विहिरी, धर्मशाळा किती तरी. मला मात्र माल्कमने नोंदलेल्या लहान गोष्टी अधिक मोठ्या वाटतात. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यावर पाण्याची सोय असे. नांगराचे बैल भर शेतात थांबवून त्यांना पाणी पाजायला माणसे नेमलेली होती. पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेतली होती.

आणि हिशेब? तो कडक होता. फौजेचे सरदार तुकोजी होळकर वरचेवर पैशासाठी लिहीत. बाई त्यांच्याकडे आधीच्या रकमांचा जाब मागत. दानशूर माणूस हिशेबाला ढिला असतो अशी आपली समजूत असते; येथे ती चालत नाही. निजाम आणि टिपू सुलतान पेशव्यांइतकाच त्यांचा मान ठेवीत, आणि त्यांच्या दीर्घायुष्यासाठी हिंदूंबरोबर मुसलमानही दुआ करीत, हेही माल्कमनेच लिहून ठेवले आहे.

१७९१ साली मुलगी मुक्ताबाई नवऱ्यामागे सती गेली. आईच्या विनवण्या व्यर्थ ठरल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे बाईंनी देह ठेवला.

खासगीच्या मालमत्तेसाठी १९६२ साली विश्वस्त मंडळ झाले. पुढे त्यातील काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास सार्वजनिक असल्याचे ठरवून त्याची तशी नोंदणी करावयास सांगितले.