देवळामागं उभे राहिलेले नामदेवराय

दिंडीच्या शंभराव्या वर्षी हा अंक निघतोय, तेव्हा पहिलं स्मरण आपल्या मातीतल्या नामदेवरायांचं. हिंगोली तालुक्यातलं नरसी हे त्यांचं जन्मगाव अशी आपली श्रद्धा. गावाच्या नावालाही त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांचं चरित्र माळकऱ्यांना पाठ आहे. पण त्यातला एकच धागा आज आम्ही हाती घेतो : देवाच्या सेवेचा अधिकार कुणाला?

शके ११९२, म्हणजे इ.स. १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीला दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी नामदेवराय जन्मले. घर शिंप्याचं, हाती सुई-कात्री. लहानपणी एकदा वडील बाहेरगावी गेले नि विठ्ठलाचा नैवेद्य पोरावर आला. पोरानं ताट पुढं ठेवलं नि देव जेवेपर्यंत हलायचं नाही असा हट्ट धरला. शेवटी देव जेवला, अशी कथा आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. त्या पोराला मंत्र येत नव्हता, विधी माहीत नव्हता, जानवं नव्हतं. देवानं यातलं काहीच मागितलं नाही.

पण नुसता लाड पुरत नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात डोक्यावर थापटणं मारून पारख केली नि नामदेव कच्चं मडकं ठरले. मग ते आले आपल्या औंढ्याला, विसोबा खेचरांकडं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव दचकले, पाय उचलून बाजूला ठेवायला गेले, तर पाय नेतील तिथं पिंड दिसू लागली. देव एका दगडात, एका गाभाऱ्यात मावत नाही, हे त्यांना तिथं कळलं. गुरू भेटला तो आपल्याच जिल्ह्यात.

औंढ्याचीच दुसरी कथा तर सगळ्यांना ठाऊक. नागनाथापुढं नामदेवांचं कीर्तन रंगलं. पूजेत अडथळा येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं नि देवळाच्या मागं जायला सांगितलं. नामदेव भांडले नाहीत. मागं जाऊन उभे राहिले नि टाळ धरला. मग देऊळच फिरलं नि देवानं त्यांच्याकडं तोंड केलं. देऊळ खरंच फिरलं का, असं कुणी विचारतं. आम्ही एवढंच म्हणू की शेकडो वर्षं आपल्या लोकांनी ही कथा जपली, कारण देव कुणाच्या बाजूला उभा राहतो हे त्यांना पटलेलं होतं.

त्या काळी पुजारीपण जन्मावरून ठरायचं. कुठं ते ब्राह्मणाच्या घरात, कुठं गुरवाच्या घरात, पण बापाकडून लेकाकडं. नामदेवरायांनी गाभाऱ्याचा हक्क मागितला नाही. त्यांनी कीर्तन वाळवंटात आणलं. तिथं जनाबाई आल्या, चोखोबा आले. चोखोबांना तर देवळात पाऊल ठेवायची बंदी. शके १२६० मध्ये मंगळवेढ्याला गावकूस अंगावर कोसळून ते गेले, तेव्हा नामदेवराय स्वतः तिथं गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशा ओळखीनं त्यांनी अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. तो संस्कार शिंप्याच्या हातानं झाला. त्याहून मोठं पुजारीपण कोणतं?

पुढं ते उत्तरेत गेले. पंजाबात घुमान गावी त्यांचं स्थान आहे, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. शके १२७२ मध्ये, इ.स. १३५० ला, त्यांनी पंढरीत देह ठेवला. जागा निवडली ती महाद्वाराची पायरी. वर जाणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ लागावी म्हणून. त्या धुळीत जात निवडता येत नाही.

जगाला मात्र वेळ लागला. पायरी नामदेवांची, समोर समाधी चोखोबांची, तरी दलित बांधवांना आत जायला १९४७ साल उजाडलं. त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. बडवे-उत्पातांचा वंशपरंपरेचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं संपला. त्याच वर्षी मंदिर समितीनं पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या माणसांकडून आणि बायांकडूनही अर्ज मागवले. नैवेद्याच्या ताटापासून इथवर यायला सातशे वर्षं गेली.

आता आपल्याकडं बघू. वाटेनं चालताना आपण एकमेकांच्या पाया पडतो, तिथं जात विचारत नाही. पण गावी परतल्यावर? काकड्याला गाभाऱ्यात कोण जातं, सप्त्यात वीणा कुणाच्या गळ्यात पडते, पंगतीत वाढपी कोण असतो, हे ज्याच्या त्याच्या गावानं मनाशी विचारावं. ज्याचा नेम पक्का, वागणं स्वच्छ, त्याच्या हाती आरतीचं ताट द्यावं. मग तो कुणाच्याही घरचा असो, ती कुणाचीही लेक असो. नरसीला जाऊन नुसता नारळ फोडला नि गावात हे झालं नाही, तर नामदेवराय अजून देवळामागंच उभे आहेत असं समजावं.

रामकृष्ण हरी.