आठ मिनिटांचा फरक

गोष्ट सेकंड इयरची. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आमच्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज आली 179 अंश 52 मिनिटं. सबमिशन दुसऱ्या दिवशी! मग काय, शहागंजच्या घड्याळाजवळ कटिंग पिता पिता मी ती आठ मिनिटं तीन कोनांत वाटून टाकली. फाईल तयार!

त्याच रात्री होस्टेलवर विल्यम लॅम्ब्टनबद्दल वाचलं आणि माझी झोप उडाली.

यॉर्कशायरच्या साध्या घरातला हा लष्करी अधिकारी. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. पुढे त्याने आपलं अख्खं द्वीपकल्प मोजायला घेतलं. कंपनी सरकारला नकाशे हवे होते ते राज्य करायला. याला मात्र पृथ्वीचा आकार शोधायचा होता. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे. त्यामुळे एक अंश अक्षांशाचं अंतर विषुववृत्तापाशी सुमारे 110.6 किमी, तर ध्रुवापाशी 111.7 किमी भरतं. एवढासा फरक पकडायचा म्हणजे चुकायची सोयच नाही!

1802 मध्ये मद्रासजवळ साखळीने सुमारे 12 किमीची बेसलाइन मोजायला त्याला 57 दिवस लागले. तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो मंगळूरला पोचला, तेव्हा कळलं की द्वीपकल्प जुन्या नकाशांपेक्षा तब्बल 40 मैलांनी अरुंद आहे.

त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि अंशांची चकती वाकली. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. लॅम्ब्टनने स्वतःला यंत्रासकट तंबूत कोंडून घेतलं आणि सहा आठवडे खपून चकती जवळजवळ पूर्ववत केली.

असाच मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला. जानेवारी 1823 मध्ये हैदराबादहून नागपूरला जाताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. वय सत्तरीच्या आसपास. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. लॅम्ब्टन आपल्या विदर्भात असून आपल्यालाच माहीत नाही.

सकाळी सरांना खरं सांगितलं. बोलणी खाल्ली, एक दिवस उशीर झाला, पण यंत्र पुन्हा मिळालं. या वेळी बेरीज आली 179 अंश 59 मिनिटं 40 सेकंद. उरलेले 20 सेकंद मी फाईलमध्ये तसेच लिहिले.