हाताचे बळ वाढवणारा माणूस

शेतातला बाभळीचा खुंट काढणे हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आजही सोपे काम नाही. वरचे झाड कुऱ्हाडीने लवकर आडवे होते. पण काळ्या मातीत खोल गेलेली मुळे उकरता उकरता माणसांचा दिवस मोडतो. टिकाव, पहार, साखळी आणि शेवटी बैलजोडी, असा तो क्रम. अलीकडे जेसीबी येतो, तासाचे पैसे घेतो आणि निघून जातो. या दोन टोकांच्या मधली एक वाट आहे, ती हातयंत्राची. दात्यांची चाके, एक लांब दांडा, तारेचा दोर आणि चाक उलटे फिरू नये म्हणून अडवणारी खिट्टी, एवढाच त्याचा संसार. यंत्र एका मजबूत झाडाला बांधायचे, दोर खुंटाला अडकवायचा आणि दांडा मागेपुढे करीत राहायचे. दांड्याचे टोक पन्नास फूट फिरावे तेव्हा दोर एक फूट सरकतो, असे धरा. मग वीस किलोंचा जोर हजार किलोंची ओढ देतो. घर्षणात जाईल तो भाग वेगळा. माझी सारी नोकरी बँकेत झाल्यामुळे हा व्यवहार मला चटकन कळतो. अंतर जमा करायचे आणि जोर उचलायचा. फुकट काही मिळत नाही, पण एकट्या माणसाला जे अशक्य होते ते शक्य होते.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात ट्रेवेला बंधूंनी अशी खुंट उपटणारी आणि ओझी उचलणारी हातयंत्रे केली. आपल्याकडेही दोन भाऊ होते. त्यांतल्या धाकट्याचे, लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव जोडले गेले ते नांगराशी आणि कडबा कापण्याच्या यंत्राशी. पण त्यांच्यापुढचा प्रश्न तोच होता. ज्याच्याजवळ स्वतःचे दोन हात आणि एखादी बैलजोडी याखेरीज कसलीही शक्ती नाही, त्याच्या शक्तीत भर कशी घालायची?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत रमे. घरच्यांची नाराजी पत्करून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की, काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? पण रेषा तर दिसत होती! त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटने हाती घेतली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. मधल्या काळात थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान चालले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत; रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. संस्थेत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगाव गाठले.

तिथल्या छोट्या कारखान्यातून आधी कडबा कापण्याचे हातयंत्र बाहेर पडले. ज्या घरात जनावरे आहेत त्या घराला याची किंमत सांगायला नको. ज्वारीचा अख्खा कडबा टाकला की गुरे पाला खातात आणि धांडे पायाखाली तुडवतात. त्याची कुट्टी केली की धांडेही पोटात जातात. एकाने पेंढी सरकवायची, दुसऱ्याने पाती लावलेले जड चाक फिरवायचे. चाकाला एकदा वेग आला की तेच हाताला साथ देते. दुष्काळी सालात तेवढ्याच कडब्यावर जनावरे अधिक दिवस तगतात. गोठ्यातला हा हिशेब कोणत्याही पुस्तकी हिशेबाइतकाच खरा आहे.

मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलथत नाही. आमच्या वऱ्हाडात तर एरवी सगळी भिस्त वखरावर. हरळी आणि कुंदा माजला की मात्र वखराचे काही चालत नाही. त्यांच्या मुळांना खालून उलथून उन्हात टाकावे लागते. लोखंडी फाळ हे काम करतो. तरीही शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, ही समजूत पक्की होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याच्या या संशयाला हसू नये, असे मला वाटते. ज्याचे सगळे भांडवल त्या चार एकरांत आहे, त्याने परक्या वस्तूवर एकदम भरवसा का ठेवावा? लक्ष्मणरावांनीही गिऱ्हाइकाला दोष दिला नाही. ते टिकून राहिले आणि नांगर सुधारत राहिले.

जम बसू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला लावली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. बँकेतल्या माणसाच्या नजरेने मी हे प्रकरण पाहतो तेव्हा थक्क होतो. कारखाना उखडलेला, मालाला उठाव नुकताच लागलेला, जागेवर निवडुंग आणि साप, पाण्याची वानवा. आमच्या टेबलावर असा अर्ज आला असता, तर दुसऱ्या पानावरच शेरा पडला असता. बाळासाहेबांनी कागदाऐवजी माणूस वाचला. पतपुरवठ्याचा मूळ अर्थ हाच. पत आधी, पुरवठा नंतर.

१९१० साली सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बिऱ्हाडे त्या माळावर उतरली. किर्लोस्करवाडीचा आरंभ इथला. निवडुंग मुळासकट काढण्यापासून सगळे काम अंगमेहनतीचे. राधाबाईंनी आणि इतर घरांतल्या बायकांनी त्या रानात चुली मांडल्या. त्यांच्या वाट्याचे ओझे उचलणारे यंत्र तेव्हा कुणी काढलेले नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवे. राखणीला ठेवली ती दरोड्याची सजा भोगून आलेली माणसे. त्यांनी विश्वासाला तडा जाऊ दिला नाही. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही तिथला रिवाज ठरला. नांगराचा, चरकाचा, शेंगा फोडण्याच्या यंत्राचा खप वाढत गेला. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' आले. आपल्यापैकी अनेकांच्या आज्यांनी नांगराचा कारखाना पाहिला नसेल, पण त्याच वाडीतून आलेले मासिक मात्र वाचले.

लक्ष्मणराव हातमेहनतीचे पुजारी नव्हते. पंप आणि इंजिने करण्याच्या मुलाच्या, शंतनुरावांच्या धडपडीला ते आडवे आले नाहीत. ऐंशीच्या दशकात मी या जिल्ह्यात विहिरी आणि ऑइल इंजिनांची कर्जे केली, तेव्हा लाकडी चौकटीवर बसवलेले ते धडधडणारे इंजिन गावचा मिस्त्री सुटे करून पुन्हा जोडीत असे. बैलांचे लोखंडी नांगरही बांधाबांधावर दिसत. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांच्यापासून घ्यायचे काय? २००६ साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे पॅकेज दिलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. त्या दुःखाची कारणे अनेक आहेत आणि यंत्र हे त्या सर्वांवरचे औषध नव्हे. पण जमीन तीन एकर आणि कर्ज ट्रॅक्टरचे, अशी विजोड मी पुष्कळदा पाहिली आहे. तिथे यंत्र माणसाचे ओझे उचलत नाही, माणूस यंत्राचे ओझे उचलतो. लक्ष्मणरावांनी आधी शेतकऱ्याचा हात पाहिला, त्याची जनावरे पाहिली, मग चाकाचा व्यास ठरवला. आज बॅटरीवरचे फवारणी पंप आणि विजेवरची कुट्टी यंत्रे आली आहेत. उद्या आणखी काही येईल. ते जरूर यावे. मात्र कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या सर्वांनी, बायकांनीसुद्धा, एकत्र बसून दोन प्रश्न विचारावेत. हे आपल्या रानाच्या मापाचे आहे का? आणि बिघडले तर आपल्या गावात कुणाला दुरुस्त करता येईल का? दोन्हींचे उत्तर हो असेल, तर खुशाल दांड्याला हात घालावा.