जेम्स प्रेस्कॉट ज्यूल : ऊर्जेचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

ऊर्जेचे एकक ज्यूल, हे उत्तर आमचे विद्यार्थी दरवर्षी पाठ करतात. हे एका माणसाचे नाव आहे आणि ते पुस्तकात येण्यासाठी त्याला अनेक वर्षे उपेक्षा सोसावी लागली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात देणे आम्हांस उचित वाटते.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळील सॅल्फर्ड येथे झाला. वडील बिअर गाळण्याच्या कारखान्याचे मालक होते. घरी सुबत्ता होती, पण मुलाची प्रकृती नाजूक असल्याने शिक्षण घरीच झाले. पुढे एका विणकराचे पुत्र असलेले थोर रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांच्याकडे ज्यूल बंधू शिकू लागले. काटेकोर मोजमापाची गोडी ज्यूल यांना या गुरूंच्या सहवासात लागली. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. कारखान्याचे काम सांभाळून ते घरच्या प्रयोगशाळेत प्रयोग करीत.

वाफेच्या यंत्राऐवजी विजेचे यंत्र स्वस्त पडेल, या आशेने त्यांनी आरंभ केला. परंतु बॅटरीत झिजणारे जस्त कोळशापेक्षा फार महाग पडते, असे हिशेबाअंती दिसून आले. आशा फोल ठरली; मात्र शक्ती येते कोठून आणि जाते कोठे, हा प्रश्न त्यांच्या मनात पक्का रुजला. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. ती गतीपासून निर्माण होते, असे ज्यूल यांचे मत बनले.

त्यांचा प्रसिद्ध प्रयोग अगदी साधा आहे. पाण्याने भरलेल्या भांड्यात वल्ह्यांसारख्या पात्यांचे चक्र बसविलेले असे. दोरीला टांगलेली, प्रत्येकी सुमारे १३ किलो वजनाची दोन शिशाची वजने खाली उतरत आणि चक्र फिरवीत. उंचावरील वजनात साठलेली ऊर्जा पात्यांच्या गतीत येई आणि घुसळणीतून पाण्याची उष्णता होई. वजने सुमारे १.६ मीटर खाली आली की पुन्हा वर चढवावयाची, असे वीस वेळा केल्यावर पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइटने तापे. एवढा सूक्ष्म फरक अचूक टिपणे हीच त्यांची तपश्चर्या होती.

१८४३ मध्ये कॉर्क येथील सभेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा कोणी विशेष दखल घेतली नाही. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत तर थोडक्यात आटोपण्याची सूचना मिळाली. तेथे विल्यम थॉमसन हा तेवीस वर्षांचा प्राध्यापक मात्र लक्षपूर्वक ऐकत होता. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून गाजलेल्या या तरुणाला आधी शंका होत्या. कालांतराने त्या फिटल्या आणि दोघांनी मिळून संशोधन केले. जर्मनीत युलिउस मायर या वैद्याने हाच विचार १८४२ मध्ये स्वतंत्रपणे मांडला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१८५० मध्ये ज्यूल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८५४ मध्ये पत्नीचे निधन झाले. उतारवयात आर्थिक ओढ लागली, तेव्हा १८७८ मध्ये सरकारने त्यांना वार्षिक २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल या गावी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या समाधिशिळेवर ७७२.५५ हा आकडा कोरला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यासाठी एक पौंड वजन किती फूट खाली यावे लागेल, याचे ते त्यांनी काढलेले उत्तर. आजच्या मोजणीप्रमाणे ते सुमारे ७७८ आहे.

वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकीत पंपाने चढविलेले पाणी ही साठविलेली ऊर्जाच आहे. तोटी उघडताच ती धारेच्या गतीत उतरते. हिवाळ्यात पहाटे आमची मुले तळहात चोळतात, तेव्हा अन्नातील ऊर्जा हातांच्या ऊबेत येते. सायकलचा ब्रेक दाबल्यावर रबर तापते, ती गेलेल्या वेगाचीच खूण. ऊर्जा रूप पालटते, नाहीशी होत नाही. ज्यूल यांचे श्रमही सभेतील त्या मौनात नाहीसे झाले नाहीत. ज्यांच्या कष्टांची आज कोणी दखल घेत नाही, अशा आमच्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र ध्यानी ठेवावे आणि आपली मोजणी चोख ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा.