गाडी हवी ती घ्या, कर्ज मात्र आमचंच!

एमबीएचं डोक्यात असेल, तर ‘एमआयटी स्लोन’ हे नाव तुमच्या कानावरून गेलंच असेल. हा स्लोन म्हणजे आल्फ्रेड स्लोन, जनरल मोटर्सला जगात पहिल्या नंबरवर नेणारा माणूस. गाड्यांच्या कर्जापायी त्याच्यावर फौजदारी खटला झाला होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

१८७५ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला त्याचा जन्म. विसाव्या वर्षी एमआयटीतून इंजिनीअर. बेअरिंगचा एक कारखाना बुडायला आला होता. वडिलांनी एका परिचितासोबत त्यात ५ हजार डॉलर घातले आणि पोराला सहा महिने दिले. पोरानं कारखाना उभा केला. १९१६ मध्ये तोच १ कोटी ३५ लाख डॉलरना विकला गेला आणि १९२३ मध्ये स्लोन जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला.

तेव्हा बाजार हेन्री फोर्डचा होता. गाडी एकच, रंग काळा, पैसे रोख. फोर्डला उधारीचा तिटकारा. त्याची योजना काय, तर दर आठवड्याला ५ डॉलर साठवा आणि पूर्ण रक्कम जमली की गाडी न्या. आपल्या सराफांची मासिक योजना असते ना, तसंच! स्लोननं उलटं केलं. शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतीच्या पायऱ्या, दरवर्षी नवं रूप आणि पैसे नसतील तर हप्ते. त्यासाठी कंपनीची स्वतःची वित्तसंस्था १९१९ पासूनच होती, जीएमएसी. लोकांना निवड आवडली. १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली.

पण कर्जाच्या टेबलावर हीच निवड आकसली. डीलरला कारखान्याकडून गाड्या रोखीनं उचलाव्या लागत, म्हणजे त्यालाही कर्ज लागे. ग्राहकाचे हप्त्याचे कागद तो वित्तकंपनीला विकायचा. सरकारचा आरोप असा, की जीएमएसी सोडून दुसरीकडे गेलेल्या डीलरच्या गाड्या रखडवल्या जात, डीलरशिप काढून घेण्याची धमकी मिळे. करारच असे, की डीलर बिचारा बोलणार काय? आमच्यामुळे कर्ज स्वस्त पडतं, असा कंपनीचा बचाव होता. आता तिच्या ६ टक्के व्याजाच्या जाहिरातीचंच पाहा. व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावलेलं, त्यामुळे खरा दर जवळपास दुप्पट. अमेरिकी व्यापार आयोगानं त्यालाही हरकत घेतली. ‘फ्लॅट रेट’ ऐकून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा!

१९३८ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला आरोपपत्र दाखल झालं. फोर्ड आणि क्रायसलरनं सरकारशी तडजोड केली, जनरल मोटर्स लढली. १९३९ चा ज्यूरीचा निकाल मोठा गमतीदार होता. चार कंपन्या दोषी. स्लोनसह सगळे अधिकारी निर्दोष. म्हणजे सक्ती कंपनीनं केली, पण कंपनीतल्या कुणीच नाही! दंड प्रत्येकी ५ हजार डॉलर, कायद्यात तेव्हा तेवढाच जास्तीत जास्त होता. १९४१ मध्ये अपील कोर्टानं शिक्षा कायम ठेवली.

आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्यात ‘एक घ्यायचं तर दुसरंही घ्या’ या अटीची वेगळी तरतूद आहे. पण शोरूममधली प्रत्येक सक्ती तिच्यात बसत नाही; बाजारातल्या स्पर्धेला धक्का बसतो, हे दाखवावं लागतं.

जनरल मोटर्सचा दिवाणी दावा १९५२ मध्ये मिटला. जीएमएसी ठेवा, पण डीलरवर जबरदस्ती नको, असं ठरलं. स्लोन १९५६ पर्यंत चेअरमन राहिला आणि १९६६ मध्ये वारला. जीएमएसी तेव्हाही जनरल मोटर्सकडेच होती.